ताई, हा ईटीएफ आपल्यासाठी आहे का?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज जरा लांबचं बोलायचं आहे. लांबचं म्हणजे अगदी चीन, तैवान, ब्राझीलपर्यंतचं. पण सुरुवात न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या बैठकीपासून करू, कारण विषय तिथूनच निघाला.

त्या दिवशी बैठक संपत आली होती. बचत गोळा झाली होती, हप्ते वहीत चढले होते, सह्या झाल्या होत्या, चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात गटातल्या एका ताईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "हे जरा वाचून सांगा. अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलंय." भाच्याने लिहिलं होतं, "मावशी, बँकेत ठेवून काय मिळणार? इमर्जिंग मार्केटच्या ईटीएफमध्ये पाच लाख टाक. माझेही आहेत. दहा वर्षं बघूच नकोस."

चहा निवला, पण कोणाला नीट सांगता येईना. आमच्यातल्या एकीचं बीए अर्थशास्त्रात झालंय, पण त्या तीन वर्षांत ईटीएफ हा शब्द काही भेटला नव्हता. मग आम्ही ताईंकडून दोन आठवडे मागून घेतले.

ताईंचं नाव, गाव सांगणार नाही. "नाव सोडून सगळं सांगा, दुसरीच्या उपयोगी पडेल," असं त्यांनीच म्हटलंय. त्यांचे यजमान रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होते. ते गेले. त्यांचा पीएफ आणि पीएफसोबतच्या विम्याची रक्कम मिळून साडेनऊ लाख रुपये ताईंच्या खात्यावर आले. एवढा आकडा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि आता परत पाहायला मिळेल असंही नाही. मुलगी बारावीत, सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर, दागिने तारण ठेवलेले. आणि पैसे आलेत हे कळल्यावर सल्ले द्यायला माणसांची रांग. भाचा त्या रांगेतला नव्हता, हे आधीच सांगतो. पोरगं मनापासून सांगत होतं. म्हणून तर जास्त विचार करावा लागला. ठगाला हाकलून देता येतं, मायेने सांगणाऱ्याला काय म्हणणार?

तर आधी ईटीएफ म्हणजे काय ते पाहू. तुमच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, प्रत्येकाची वाटी वेगळी, पण उचलताना डबा एकच. एकेका कंपनीचा शेअर म्हणजे एकेक वाटी. ईटीएफ म्हणजे भरलेला डबा. पन्नास कंपन्यांचे शेअर्स ठरलेल्या प्रमाणात एकत्र करतात आणि त्या डब्याचे लहान लहान वाटे म्हणजे युनिट्स शेअर बाजारात विकायला ठेवतात. कोणत्या वाटीत काय आणि किती, हे फंडवाला मनाने ठरवत नाही. ते एका यादीवरून ठरतं, तिला निर्देशांक म्हणतात. निफ्टी ही अशी पन्नास कंपन्यांची यादी आहे. सेन्सेक्स तीस कंपन्यांची.

आपल्या देशात असा पहिला डबा 2001 च्या डिसेंबरमध्ये निघाला. निफ्टी बीज त्याचं नाव. बेंचमार्क नावाच्या कंपनीने तो काढला. पुढे तो गोल्डमन सॅक्सकडे गेला, मग रिलायन्सकडे, आता निप्पॉनकडे आहे. मालक तीनदा बदलले, पण ज्यांच्याकडे युनिट्स होती त्यांच्याकडे ती तशीच राहिली, कारण डब्यातला माल गुंतवणूक करणाऱ्यांचा असतो, कंपनी तो फक्त सांभाळते. हे सांगायचं कारण, "कंपनी बुडाली तर?" हा पहिला प्रश्न बैठकीत हमखास येतो. आणि तो यावाच. काही वर्षांपूर्वी दामदुप्पट देणाऱ्या एका कंपनीत आमच्यातल्या काहींनी पाच-पाच हजार घातले होते. एका सकाळी गेलो तर ऑफिसला कुलूप, आणि कुलपावर धूळ. त्या कंपनीने आमचे पैसे नेमके कशात घातले होते, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ईटीएफमध्ये भाव खाली जाऊन तोटा होतो, मोठाही होतो, पण डब्यात काय आहे ते जाहीर असतं. सेबी ही सरकारी यंत्रणा त्यावर लक्ष ठेवते.

आता गंमत ऐका. ज्या ताई "शेअर बाजार आपलं काम नाही" म्हणत होत्या, त्यांच्या घरात ईटीएफ आधीपासूनच होता. भविष्य निर्वाह निधी सांभाळणारी ईपीएफओ 2015 च्या ऑगस्टपासून नव्याने जमा होणाऱ्या पैशांतला काही भाग ईटीएफमध्ये घालते. सुरुवात पाच टक्क्यांनी झाली, मग दहा, आणि 2017 पासून पंधरा टक्क्यांपर्यंत. निफ्टी आणि सेन्सेक्सचे ईटीएफ, शिवाय सरकारी कंपन्यांचे. म्हणजे रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांच्या पगारातले थोडे पैसे दर महिन्याला या डब्यात जातात. उरलेला मोठा हिस्सा सरकारी रोख्यांसारख्या स्थिर जागी. ताईंच्या यजमानांचेही गेले होते. ताई म्हणाल्या, "ह्यांनी कधी सांगितलं नाही." त्यांनाही माहीत नसणार.

आता भाच्याच्या शब्दाकडे येऊ. इमर्जिंग मार्केट. मराठी वर्तमानपत्रं त्याला उदयोन्मुख बाजारपेठा म्हणतात. या नावाचीही एक गोष्ट आहे. 1981 साली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातले आंत्वान व्हान आग्तमाल नावाचे अधिकारी न्यूयॉर्कच्या श्रीमंत गुंतवणूकदारांकडे गेले होते. गरीब देशांच्या शेअर बाजारांत पैसे घालणारा एक फंड त्यांना काढायचा होता. त्यांनी तो "तिसऱ्या जगाचा फंड" म्हणून मांडला. ऐकणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं, कल्पना चांगली आहे, पण या नावाने कोणी एक डॉलर देणार नाही. मग त्यांनी नवं नाव शोधलं, इमर्जिंग मार्केट्स. देश तेच, बाजार तेच, नाव तेवढं असं की विकत घ्यावंसं वाटेल. आमच्या एका गटाच्या लोणच्याचा खप लेबल बदलल्यावर वाढला होता, तेव्हा यात आश्चर्य वाटण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही.

1988 पासून एमएससीआय ही अमेरिकन कंपनी अशा देशांचा निर्देशांक काढते. आज त्यात चोवीस देश आहेत. पण चोवीस ऐकून फसू नका. चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चार देशांनीच साधारण तीन-चतुर्थांश डबा भरलेला असतो. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, मेक्सिको आणि बाकीचे सगळे मिळून उरलेल्या पावभागात. म्हणजे हिंगाच्या डबीएवढे.

आणि यादीत तिसरं नाव पाहिलंत ना? भारत! गेल्या काही वर्षांत आपला वाटा सहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढा राहिला आहे. कुरकुंभला कारखाना असलेली सिप्ला त्यात आहे. रांजणगावला कारखाना असलेली आयटीसी त्यात आहे. रांजणगावचीच एलजी मूळची कोरियाची, ती कोरियन कंपनीही त्यात आहे. अमेरिकेतला एखादा निवृत्त मास्तर उदयोन्मुख बाजारांचा ईटीएफ घेतो, तेव्हा आपल्या तालुक्यातल्या शेडखाली चालणाऱ्या कामाचा केसाएवढा वाटा तो विकत घेतो.

इथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. भाच्याचा सल्ला चुकीचा नव्हता. तो ज्या अंगणात उभा राहून बोलत होता ते अंगण वेगळं होतं. त्याचा पगार डॉलरमध्ये, घर अमेरिकेत, निवृत्तीचा फंड बहुतेक अमेरिकन कंपन्यांत. त्याने थोडे पैसे चीन-भारतात ठेवले तर त्याच्या शेतात एक वेगळं पीक आलं. ताईंचं काय? त्यांची जमीन उदयोन्मुख बाजारात, घर तिथेच, मुलीची उद्याची नोकरी तिथेच, नवऱ्याचा पीएफही तिथलाच. त्यांनी आणखी उदयोन्मुख बाजार घेणं म्हणजे सगळ्या रानात कांदा लावलेला असताना शेजारचं रान खंडाने घेऊन तिथेही कांदाच लावणं. कांद्याचं रोप वेगळ्या नर्सरीचं आहे, एवढाच फरक.

आणखी एक हिशेब आम्ही ताईंच्या वहीच्या मागच्या पानावर केला. पाच लाख अमेरिकेतल्या त्या ईटीएफमध्ये घातले, तर त्यातले ऐंशी हजार ते लाखभर रुपये भारताच्या वाटीत पडणार. म्हणजे शिरूरहून अमेरिकेला जाऊन, जाताना डॉलर करण्याचा खर्च भरून, फंडाचा खर्च भरून, परत मुंबईच्या बाजारात येणार. ताई म्हणाल्या, "मग शिरूरहून मुंबईला सरळच पाठवू की. वाटेत पुणंच तर लागतं."

भाच्याशी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे सकाळ, इकडे रात्री साडेनऊ, लाइट जाऊन आलेली. त्याने आमचं शांतपणे ऐकलं आणि एक मुद्दा असा मांडला की आम्ही गप्प झालो. तो म्हणाला, रुपया घसरत असतो. 2007 च्या शेवटी डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता, 2022 च्या ऑक्टोबरात ब्याऐंशीच्या पुढे गेला. परदेशात ठेवलेल्या पैशाला त्याचा फायदा मिळतो. हे खरं आहे. आम्ही ते मान्य केलं आणि इथेही सांगतो. ज्या घरात मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं पक्कं आहे, त्या घराने काही पैसे डॉलरच्या वस्तूत ठेवणं शहाणपणाचं आहे, कारण फीसुद्धा डॉलरमध्येच भरायची असते. ताईंच्या मुलीला पुण्यात नर्सिंग करायचं आहे.

पण त्याच दोन तारखा घेऊन दुसरी बाजूही पाहा. 2007 च्या ऑक्टोबरात तो एमएससीआयचा उदयोन्मुख निर्देशांक 1,300 च्या वर होता. पंधरा वर्षांनी, 2022 च्या ऑक्टोबरात, तो 900 च्या खाली होता. मध्ये लाभांश मिळत राहिला हे खरं, पण डॉलरमध्ये मोजली तर मूळ किंमत पंधरा वर्षांनीही मागेच. "दहा वर्षं बघूच नकोस" असं म्हणताना हे चित्र डोळ्यासमोर असावं. ताईंना दहा वर्षं न बघता राहणं परवडणारं नाही. मुलीची फी तीन महिन्यांवर आहे.

रशियाचंही सांगायला हवं. 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत रशियाही या देशांच्या पंगतीत होता. युक्रेनशी युद्ध सुरू झालं, परदेशी लोकांना रशियन शेअर्स विकता येईनात, आणि मार्चमध्ये एमएससीआयने त्या कंपन्या जवळजवळ शून्य किंमत धरून यादीतून काढल्या. गॅस, तेल, बँका, मोठमोठ्या कंपन्या होत्या त्या. कारखाने जागेवर उभे, पण बाहेरच्या माणसाच्या वाटीत काही नाही. डब्यात एकच देश असता तर सगळंच गेलं असतं, अनेक देश होते म्हणून तोटा थोडक्यात भागला. मिसळणाच्या डब्याचा उपयोग इथे कळतो. आणि एकाच परदेशाचा ईटीएफ घेताना किती विचार करावा, तेही.

आता समजा तुमच्यापैकी एखादीचा संसार ताईंपेक्षा स्थिर आहे, कर्ज नाही, मुलं मार्गी लागली आहेत, आणि तिला थोडे पैसे परदेशी ठेवायचेच आहेत. मार्ग दोन आहेत.

एक, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या योजनेतून पैसे डॉलर करून बाहेर पाठवायचे आणि तिकडचा ईटीएफ घ्यायचा. हल्ली मोबाइलवर दोन बोटांत होतं म्हणतात. पण लक्षात ठेवा, परदेशी मालमत्ता आपल्या नावावर आली की आयकराचं रिटर्न भरावंच लागतं आणि त्यात ती दाखवावी लागते, मग तुमचं उत्पन्न करपात्र नसलं तरी. ज्या बाईने कधी रिटर्न भरलेलं नाही तिच्यामागे हे दरवर्षीचं काम लागतं, आणि करसल्लागाराची फी पण. या मार्गाने जायचंच, तर तिकडचे डबेही नीट वाचून घ्या. आयशेअर्सचे दोन ईटीएफ आहेत, एक 2003 चा आणि दुसरा 2012 चा. दोन्हींत जवळजवळ तेच देश. पण जुन्याचा वर्षाचा खर्च शंभर रुपयांमागे सुमारे सत्तर पैसे आणि नव्याचा दहा पैशांच्या आसपास. एकाच दुकानात, शेजारच्या फळीवर! व्हॅनगार्डचा डबा तसाच स्वस्त, पण तो वेगळ्या यादीवर चालतो आणि त्या यादीत कोरिया विकसित देश धरलेला आहे, म्हणून त्यात कोरिया नाही. नाव सगळ्यांचं इमर्जिंग मार्केटच. तेव्हा नावावर जाऊ नका, आतली यादी उघडून पाहा.

दुसरा मार्ग आपल्याच शेअर बाजारात मिळणाऱ्या परदेशी ईटीएफचा. हाँगकाँगचा आहे, अमेरिकेच्या नॅसडॅकचा आहे. हे रुपयांत घेता येतात. पण इथे एक खाच आहे आणि ती खोल आहे. आपल्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे न्यायचे याला मर्यादा घातलेली आहे. एकूण सात अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी एक अब्ज. ती भरत आली म्हणून 1 एप्रिल 2024 पासून परदेशी ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या योजनांना नवे पैसे घेणं थांबवायला सांगितलं गेलं. नवी युनिट्स तयार होईनात, आणि घेणारे मात्र रांगेत. मग काय होतं ते आपल्याला गणपतीच्या आदल्या दिवशी फुलांच्या बाजारात कळतं. डब्यातल्या मालाची किंमत शंभर रुपये, आणि डबा विकला जातोय एकशे दहा, एकशे पंधराला. तुम्ही एकशे पंधराला घेतला आणि उद्या मर्यादा वाढली, की माल तेवढाच राहून तुमचे पंधरा रुपये गेले.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक ईटीएफच्या डब्यातल्या मालाची किंमत बाजार चालू असताना सतत जाहीर होत असते. तिला आय-एनएव्ही म्हणतात. फंडाच्या संकेतस्थळावर दिसते. खरेदीचा भाव आणि ही किंमत शेजारी शेजारी ठेवून पाहायची. दोन्ही जवळ असतील तर ठीक. भाव बराच वर असेल तर मोबाइल पदराखाली झाकून ठेवा आणि भाकरी थापायला घ्या.

आता आपल्या घरच्या ईटीएफकडे येऊ. आमच्या मते आपल्यासारखीने बाजारात पाऊल टाकायचंच असेल तर पहिलं पाऊल इथे टाकावं, निफ्टी किंवा सेन्सेक्सच्या साध्या डब्यात. आम्ही सेबीकडे नोंदलेल्या सल्लागार नाही, हेही ऐकून ठेवा. आम्ही जे वाचलं, विचारलं, ताडून पाहिलं, ते सांगतोय. निफ्टीचे ईटीएफ बऱ्याच कंपन्यांचे आहेत आणि आतला माल सगळ्यांचा एकच. मग निवडायचं कशावर? खर्चावर, आणि रोज किती देवघेव होते यावर. खर्च लाखाला वर्षाकाठी पन्नास रुपयेही असू शकतो आणि काही वेगळ्या प्रकारच्या फंडांत दीड हजारही. देवघेव कमी असेल तर विकायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर भाव पाडून मागतं. बुधवारी बाजार भरत असेल तर शेळी विकायला आपण मंगळवारी जात नाही, तसंच हे. आणि खरेदी करताना भाव आपण लिहायचा, "मिळेल त्या भावाला" असं बटण दाबायचं नाही.

निफ्टीसुद्धा पडतो बरं का. 2008 च्या जानेवारीत सहा हजारांच्या वर होता, ऑक्टोबरात अडीच हजारांपर्यंत आणि एक दिवस त्याच्याही खाली गेला. नऊ महिन्यांत निम्म्याहून जास्त. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेच पैसे. फीचे नाहीत, औषधाचे नाहीत, बियाण्याचे तर नाहीतच.

ईटीएफला डीमॅट खातं लागतं. "बेसिक सर्व्हिसेस" प्रकारचं खातं मागा. त्यात चार लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीवर वर्षाची फी लागत नाही, 2024 च्या सप्टेंबरपासून तसा नियम आहे. मात्र तुमच्या एकटीच्या नावावर ते एकच डीमॅट असायला हवं. आणि हे सगळं जड वाटत असेल तर त्याच निफ्टीचा इंडेक्स फंड असतो. त्याला डीमॅट लागत नाही, आय-एनएव्ही पाहावी लागत नाही, दर महिन्याला ठरलेले पाचशे-हजार बँकेतून कापून जातात. खर्च किंचित जास्त. आमच्या गटांतल्या बहुतेक बायकांसाठी ईटीएफपेक्षा हाच सोयीचा, असं आमचं मत झालंय. भाच्याला ते पटलं नाही. तो ईटीएफवरच अडून बसला होता.

एक गोष्ट मात्र मतावर सोडायची नाही. गटाचे पैसे यात घालायचे नाहीत. काही गटांतून विचारणा आली होती की बँकेत पडलेली गटाची शिल्लक बाजारात लावावी का. नाही. आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर लेखन आहे. गटाचा पैसा कोणाच्या तरी बाळंतपणाला, कोणाच्या मोटार जळण्याला रात्रीतून लागतो. त्या रात्री निफ्टी कुठे आहे हे पाहायची वेळ येऊ नये. आणि व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर "परदेशी ईटीएफ, महिन्याला दहा टक्के हमखास" असं कोणी लिहिलं, तर त्यातला "हमखास" हा एकच शब्द पुरे. पैसे गेलेच असतील तर रडत न बसता लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

तर ताईंनी काय केलं? सोसायटीचं कर्ज आणि सोनेतारण मिळून एक लाख तीस हजार होतं, ते आधी फेडलं. मंगळसूत्र आणि पाटल्या घरी आल्या. त्या दिवशी ताईंनी पाटल्या हातात न घालता नुसत्या मांडीवर घेऊन बसल्याचं आम्ही पाहिलं. तीन लाख मुलीच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत, वर्षवार वेगवेगळ्या पावत्या करून. चार लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, आत्ताच्या दराने महिन्याला अडीच हजारांच्या आतबाहेर येतात, ते किराण्याला. साठ हजार बचत खात्यात, हाताशी. राहिले साठ हजार. ते निफ्टीच्या इंडेक्स फंडात, महिन्याला दोन हजार असे तीस महिने जाणार. भाच्याच्या पाच लाखांचे साठ हजार झाले आणि परदेशाऐवजी मुंबई झाली. तो थोडा नाराज आहे. दिवाळीला येणार आहे म्हणे, तेव्हा परत वाद होईल.

आता जाता जाता एक काम सांगतो. ताईंचे हे पैसे हातात यायला सात महिने लागले. यजमानांनी पीएफला वारसाचं नाव नोंदवलं नव्हतं, म्हणून वारसाचे कागद गोळा करत ताईंनी शिरूर-पुणे वाऱ्या केल्या. पुढच्या बैठकीला येताना घरात ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांचा यूएएन नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा. शिरूरच्या गटांची बैठक पहिल्या शनिवारी, दौंडची दुसऱ्या. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ई-नॉमिनेशन भरता येतं, फोटो आणि आधार हाताशी असले तर अर्ध्या तासाचं काम आहे. आम्ही लॅपटॉप घेऊन बसतो. नवरा येत नसेल तर निदान नंबर आणा, ओटीपीसाठी त्याला फोन आम्ही करू.